भाजीचं पहिलं पाणी

दहिसर,
२ जुलै २०२४

ती. रत्नप्रभा वन्सं यांस,
मालनचा सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोन करणार होते. पण मागच्या वेळी मी 'आंबे पोचले' म्हणून घसा फोडून ओरडले आणि तुम्ही पलीकडे 'कोण गेलं?' म्हणून रडायला लागलात. शेजाऱ्यांच्या मोबाईलवर लिहून पाठवलं तर तुमच्याआधी वाडी वाचणार. त्यापेक्षा आपलं पत्रच बरं.

बातमी चांगली आहे. आपल्या श्रुतिकाला मुलुंडहून स्थळ आलंय. मुलगा हर्षद, बँकेत आहे, मूळचे कणकवलीकडचे. फोटो त्यांना पसंत आहे, भेटायचं म्हणतात. तुमचे भाऊ गेल्यापासून असल्या गोष्टी मला एकटीने ठरवायचा धीर होत नाही. श्रुतिकाला विचारलं तर 'बघू गं, घाई काय आहे' एवढंच म्हणते. अठ्ठावीस पूर्ण झाली, अजून हिची घाई सुरूच व्हायची आहे. तेव्हा तुम्ही रवळनाथाला कौल लावा. उजवा पडला की मी मुलुंडला होकार कळवते.

पोर मे महिन्यात तुमच्याकडून आली ती थकूनच. सकाळी उठते तेव्हा डोळ्यांखाली सूज, अंधेरीच्या ऑफिसातून येते ती चपला न काढताच सोफ्यावर. मोबाईल बघत जागते, दुसरं काय. मी रोज एक शहाळं सुरू केलंय. नाक्यावरचा शहाळेवाला मला आता लांबूनच ओळखतो.

बाकी इथे टॉवरमध्ये दार लावलं की लावलं. चाळीत भांडायला तरी माणसं होती. समोरची एथेल तेवढी येते. तिचा ऑगस्टीन दोन वर्षांपूर्वी गेला, मुलगा रॉनी दुबईला, त्यामुळे तिलाही माझ्याशिवाय कोणी नाही. आम्ही दोघी चहा पितो आणि लिफ्टचा आवाज ऐकतो.

कौलाचं लवकर कळवा.

तुमची,
मालन


बागवाडी, ता. देवगड,
११ जुलै २०२४

चि. मालन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सोमवारी देवळात गेले होते. नाना गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या लावल्या. डावीकडची आधी पडली. पुन्हा लावला, पुन्हा डावाच. देवाच्या मनात नाही. एक वर्ष लग्नाचं नाव काढू नये. मुलुंडच्या लोकांना नम्रपणे नाही म्हणून कळव, उगाच लटकत ठेवू नकोस.

दुसरं, पोरीला रोज शहाळं देऊ नकोस. थंड असतं, तिला बाधतं. लहानपणापासून बाधतं.

माझी तब्येत बरी. डाव्या कानाने आता अजिबात ऐकू येत नाही, उजव्याने थोडं येतं. त्याचा एक फायदा आहे, वाडीतली भांडणं माझ्यापर्यंत पोचत नाहीत.

तुझी,
रत्नप्रभा


दहिसर,
१९ जुलै २०२४

ती. वन्सं यांस,
सा. न.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. तसंही बोलायला होतं कोण. पण तरी.

मुलुंडच्या बाईंना मी काय सांगू? देव नाही म्हणाला? त्या मुंबईत वाढल्या, त्या हसतील. मी सांगितलं की मुलीच्या ऑफिसात काम फार आहे. त्या म्हणाल्या, 'ठीक आहे, आम्ही दुसरीकडे बघतो.' इतका वेळ लागला फक्त.

राग मानू नका, पण मनात आलं ते लिहिते. तुमच्या भावामागे ही एकटीच राहिली आहे. ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली की सुट्टीत बागवाडीला येणार नाही, असं तर तुम्हाला वाटत नाही ना? मलाही ती गेल्यावर या घरात एकटीनेच राहायचं आहे. तरीही मी स्थळं बघते, कारण मी आई आहे.

आणि शहाळं बाधतं हे तुम्ही कुठून काढलंत? हीच पोर तुमच्या अंगणात अख्खी सुट्टी शहाळ्यांवर काढायची, आणि नको म्हटलं तर तुम्हीच मला ओरडायचात. मी आता सकाळी एक आणि संध्याकाळी एक देते. वर केळं. तोंड वाकडं करते, 'आई, नको ना' म्हणते, पण मी ग्लास संपेपर्यंत समोरून हलत नाही. मला शुगरमुळे यातलं काहीच चालत नाही, पंधरा वर्षं झाली. निदान तिने तरी प्यावं.

मालन


बागवाडी,
२५ जुलै २०२४

चि. मालन,

हे पत्र मिळाल्याबरोबर शहाळं बंद कर. त्याच दिवशी. स्पीड पोस्टने पाठवायला मी देवगडला एसटीने आले आहे आणि पोस्टातल्या बाकावर बसून लिहिते आहे.

तू माझ्यावर रागावलीस ते बरोबर आहे, त्याचं मला काही नाही. पण मी पुन्हा देवाला विचारलं. आपल्या घराण्याचा एक जुना नवस फेडायचा राहिला आहे आणि तो श्रुतिकाच्या वाट्याला आला आहे. वर्षभर तिने शहाळं आणि नारळ सोडायचा. केळं सोडायचं. घरात भाजी किंवा बटाटा करशील तो आधी बारीक चिरून दोन तास पाण्यात ठेवायचा. ते पहिलं पाणी रवळनाथाचं. ते माणसाच्या पोटात जाता कामा नये, झाडाच्या मुळाशी ओतायचं. मग दुसऱ्या पाण्यात शिजवायचं. मीठ अगदी बेताचं, वरून तर घ्यायचंच नाही. डाळ थोडी.

असला नवस कधी ऐकला नाही असं तू म्हणशील. मीही ऐकला नव्हता. पण पाळ. माझ्यासाठी नको, माझ्या भावाच्या, दत्तारामाच्या लेकीसाठी पाळ.

तुझी,
रत्नप्रभा


दहिसर,
२० ऑगस्ट २०२४

ती. वन्सं यांस,
शि. सा. नमस्कार.

मागच्या पत्रात मी वेडंवाकडं लिहिलं त्याबद्दल माफ करा. या वयात बस पकडून देवगडला गेलात हे वाचलं आणि मला माझीच लाज वाटली.

नवस पाळते आहे, अगदी काटेकोर. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून घरात नारळ फुटलेला नाही. मीही सोडला. मालवणी माणसाने नारळाशिवाय आमटी करायची म्हणजे शिक्षाच, पण जमतंय. भाजीचं पहिलं पाणी बाल्कनीतल्या मोगऱ्याला घालते, हात जोडते, मग गॅस पेटवते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाक करताना मला कोणासाठी तरी काहीतरी करतेय असं वाटलं.

श्रुतिका लोणावळ्याहून आली तेव्हा तिला नवसाचं सांगितलं. हो, ते लिहायचं राहिलं, जुलैअखेरीला ऑफिसचं दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं लोणावळ्याला. अचानकच ठरलं, कपडेसुद्धा नेले नव्हते. परत आली तर हातावर सुईचे निळे डाग. मी विचारलं तर म्हणाली, 'अगं, तिथे ब्लड डोनेशन होतं.' स्वतःच्या अंगात रक्त नाही आणि दुसऱ्याला देते. बापावर गेलीय. तर नवस ऐकून ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'आत्येच्या देवाला बरंच कळतं गं.' आणि हसत बाथरूममध्ये गेली. बराच वेळ नळ चालू होता. पोरीच्या मनाला लागलं बहुतेक. एवढी देवभोळी आहे हे मला माहीत नव्हतं.

सूज थोडी कमी वाटते. देवाचीच कृपा.

गणपतीला येतोच आहोत. तुमच्यासाठी मऊ चपला घेतल्या आहेत.

तुमची,
मालन


दहिसर,
२४ ऑगस्ट २०२४

वन्सं,

आज एथेल चहाला आली होती. मी बटाट्याच्या फोडी पाण्यातून काढत होते. ती ओट्यापाशी उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, 'हे तुला कोन्या डॉक्टरनी सांगितलं गं?' मी म्हटलं, डॉक्टर कशाला, आमचा कुळाचा नवस आहे. नारळ नाही, केळं नाही, मीठ बेताचं, पहिलं पाणी देवाला.

एथेल खुर्चीत बसली. म्हणाली, 'मालन, माझ्या ऑगस्टीनला चार वर्षं हेच होतं. नारलपानी नाय, केला नाय, बटाटा भिजवून. किडनीवाल्यांना असतं हे. तुझ्या देवाला कसं म्हाईत?'

मी तिला हाकललं. एवढ्या जवळच्या बाईला मी दार दाखवलं. मग श्रुतिकाच्या खोलीत जाऊन उशी हुंगत बसले. कपाट उघडलं नाही. उघडायची गरज नव्हती. सकाळची सूज, थकवा, हातावरचे डाग, 'आयर्नच्या गोळ्या' म्हणून ती गिळते त्या. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

एकच विचारते, खरं सांगा. कौल लावला होतात का? आणि तुम्हाला हे कोणी सांगितलं? तिने सांगितलं असेल तर का? ज्या बाईला फोनवर 'आंबे' ऐकू येत नाहीत तिला सांगितलं, आणि मी भिंतीपलीकडे झोपते, मला नाही?

आम्ही गणपतीला येत नाही.

मालन


बागवाडी,
३१ ऑगस्ट २०२४

चि. मालन,

विचारलं आहेस तर ऐक.

मे महिन्यात तिला मी शहाळं फोडून दिलं, ती नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं, पुन्हा नको. मी रागावले, 'कित्याक नको गो? मुंबयचा पाणी गोड लागता काय तुका?' ती काहीतरी पुटपुटली, मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, 'मोठ्यान सांग.' तेव्हा ती माझा हात धरून मला सड्यावरच्या उघड्या माळावर घेऊन गेली. वाडीतल्या कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तिथे माणूस नव्हतं, नुसता वारा होता. माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून ती ओरडली. मला तरी कळेना. तिला तीनदा ओरडावं लागलं. 'आत्ये, माझ्या दोन्ही किडन्या जातायत.' तिसऱ्यांदा ओरडताना तिचा आवाज फुटला आणि ती खाली बसली. असली गोष्ट पोरीला बोंबलून सांगायला लागली माझ्या बहिरेपणामुळे, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी पहिलं हेच विचारलं, 'आवशीक सांगलंस?' तिने माझ्याकडून देवाची शपथ घेतली. तुला सांगायचं नाही. का म्हणून विचारलं तर सांगेना. तिने मला निवडलं नाही, मालन. शहाळं नाकारलं म्हणून तिला बोलावं लागलं. तू तेव्हा इथे असतीस तर तुला सांगावं लागलं असतं.

कौल मी लावला नाही. तुझं पत्र आल्यावर देवळात गेले खरी, पाकळ्या हातात घेऊन उभी राहिले. नानाने विचारलं, 'रत्नप्रभे, काय विचारू देवाक?' उजवा पडला असता तर मी काय करणार होते? पाकळ्या तिथेच उंबऱ्यावर ठेवून परत आले आणि तुला डावा म्हणून कळवलं. मग तू दोन-दोन शहाळी देतेस म्हणून लिहिलंस तेव्हा मी तशीच देवगडची एसटी पकडली. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ, आणि न सांगावं तर पोर जाते. शेवटी तिच्या तोंडून ऐकलेलं पथ्य मी देवाच्या तोंडी घातलं. तू माझं ऐकणार नाहीस पण देवाचं ऐकशील एवढं मला माहीत होतं.

आयुष्यभर त्या देवळाची पायरी झाडली आणि म्हातारपणी त्याच्याच नावावर खोटं लिहिलं. मला आता देवळात जायला भीती वाटते. तुला माझा जेवढा राग करायचा तेवढा कर.

रत्नप्रभा


बागवाडी,
२० सप्टेंबर २०२४

चि. मालन,

तुझं पत्र नाही. गणपती आले आणि गेले. आरतीला मी आणि शेजारची दोन माणसं होतो. नैवेद्याच्या ताटाशेजारी तुझं पान मांडलं होतं, सवयीने.

शेजाऱ्यांना सांगून तुला फोन लावून घेतला. तू उचललास. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही, पण तू बोलत होतीस एवढं कळलं. रडत होतीस की नाही तेही कळलं नाही. दोन ओळी तरी लिही. पोर कशी आहे एवढंच लिही.

रत्नप्रभा


दहिसर,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. रत्नप्रभा वन्सं यांस,
मालनचा सा. नमस्कार.

उशीर झाला. तुमच्यावर राग होता म्हणून नाही. कोणाला काय लिहावं हेच सुचत नव्हतं.

मला कळलंय हे मी श्रुतिकाला आधी सांगितलंच नाही. ती लपवत होती, आता मीही लपवायला लागले. एका घरात दोन बायका, एकमेकींना 'जेवलीस का' विचारायच्या आणि आपापल्या खोलीत जाऊन पडायच्या. एथेलकडे जाऊन मी पाय धरायला वाकले तर तिने मला वरच्यावर उचललं. तिला घेऊन ऑगस्टीनच्या बोरिवलीच्या डॉक्टरांकडे गेले. मी म्हटलं, माझी एक घ्या, दोन्ही घ्या, मला काय करायच्या आहेत. त्यांनी माझ्या शुगरचे रिपोर्ट बघितले आणि शांतपणे सांगितलं की घेता येणार नाही. मी तीनदा विचारलं. तीनदा तेच. परतताना रिक्षात एथेल माझा हात धरून बसली होती आणि मला वाटत होतं, आता मी कशाला आहे.

अनंत चतुर्दशी झाल्यावर एकदा जेवताना मला सहन होईना. मी म्हटलं, 'श्रुतिका, किडनीवाल्यांना पनीर चालतं का गं?' तिचा घास हातातच राहिला. मग तिने ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाली, 'थोडं चालतं.'

त्यानंतर सगळं बोललो. मार्चमध्येच कळलं होतं तिला, ऑफिसच्या तपासणीत. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, 'आई, मी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं, तुझी चालणार नाही म्हणून. तुला सांगितलं असतं तर तू धावत गेली असतीस, ते नाही म्हणाले असते आणि तू रिकाम्या हाताने एकटी घरी आली असतीस. मला ते नको होतं.' मी तिला बोरिवलीचं सांगितलं नाही. तिला कळलं बहुतेक, कारण तिने पुढे काही विचारलं नाही.

आता तुम्हाला लिहिलं नाही असं एक लिहिते. लोणावळ्याचं ट्रेनिंग नव्हतं. ऑफिसात चक्कर आली, तिथल्या प्रांजलने तिला हॉस्पिटलात नेलं, दोन दिवस ठेवून घेतलं. रक्तात पोटॅशियम चढलं होतं आणि हृदयाचे ठोके चुकत होते. ते कशाने चढलं हे मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. पण मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे, आणि ती मला कधीच बोलणार नाही. ग्लास संपेपर्यंत मी समोरून हलत नव्हते, वन्सं. मला कळेल या भीतीने ती पीत होती.

तेव्हा तुम्ही देवळात जा. तुमचा देव काय म्हणेल ते मला माहीत नाही, पण तुम्ही खोटं लिहिलं नसतंत तर आज मी हे पत्र लिहायला नसते. जा आणि नेहमीसारखी पायरी झाडा.

दिवाळीनंतर डायलिसिस सुरू होईल म्हणतात. हाताचं छोटं ऑपरेशन झालं, तिथून मशीनला जोडतात. किडनीसाठी नाव नोंदवलंय, रांग मोठी आहे. आठवड्यातून तीनदा जायचं. मी सोबत जाणार म्हटलं तर आधी नको म्हणाली, मग म्हणाली, 'ये, पण डबा घेऊन ये, आणि तिथे रडायचं नाही.' तुम्हाला यायचं असेल तर या. घरात जागा आहे, आणि तुमच्याशी ओरडून बोलायला आता आम्हाला कशाची लाज नाही.

एक गोष्ट मात्र मला जमत नाही. बोललो त्या दिवशी ती म्हणाली होती, 'आणखी एक कारण होतं आई. तुला कळलं असतं ना, तर तू रोज माझ्याकडे अशी बघितली असतीस. आत्ता बघतेस तशी.' त्या दिवसापासून मी तिच्याकडे बघायचंच सोडून दिलं. बोलते ते भाजी निवडता निवडता. ती टीव्ही बघत असली की बघून घेते, झोपली की दारातून बघते. समोर आली की कपडे घड्या करायला घेते. तिला त्रास होऊ नये म्हणून.

आज सकाळी ऑफिसला निघताना ती दारात थांबली. मी ओटा पुसत होते. म्हणाली, 'आई.' मी म्हटलं, 'डबा पिशवीत ठेवलाय.' ती हलली नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, 'आई, मला भीती वाटते. बघ ना माझ्याकडे.'

मी फडकं ठेवलं आणि बघितलं. चेहरा सुजलेला होता, केस ओले होते, लहानपणी तापात बघायची तशी बघत होती. मी नजर हटवली नाही, तिनेही नाही.

तिची बस चुकली.

तुमची,
मालन